तेफेची तूट

ब्राउनश्वाइग

दसऱ्याला ब्राउनश्वाइगमध्ये आपट्याची पानं मिळत नाहीत, झेंडू मिळाला तर कुंडीसकट मिळतो, आणि सुट्टी तर नसतेच. मुलगा मंदार सकाळीच वोल्फ्सबुर्गला कामावर गेला, सूनबाई केतकी विद्यापीठात आणि नात रेवा शाळेत. घरात उरलो मी आणि आमची ही. निवृत्त माणसाच्या हाती परदेशात रिकामं घर लागलं की तो काहीतरी करून ठेवतो. मीही ठेवलं.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. नोकरी सगळी कोपरगाव, संगमनेर, येवला या पट्ट्यात झाली. जर्मनीहून परतलेले लोक राजवाडे आणि बर्फ यांबद्दल बोलतात, माझी नजर मात्र तिथेही काट्यांवरच होती. पहिल्याच शनिवारी आठवड्याच्या बाजारात एका चीजवाल्या बाईच्या काट्याखाली वाकून मी पडताळणीचा शिक्का शोधत होतो. बाईंना वाटलं, माझं काहीतरी पडलं. केतकीने खुलासा केल्यावर त्यांनी काटा सरळ माझ्याकडे फिरवला, त्यावरची चिकटपट्टी दाखवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. आमच्याकडे निरीक्षक वाकला की दुकानदार आधी चहा मागवायचा. इथे चहा सोडा, कोणी दचकलंसुद्धा नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

केतकी डॉक्टरेट करते आहे, आणि विषय माझ्या मनासारखा: रेशमाच्या व्यापारातली जुनी तुर्की वजनं. माझी सून वजनांवर संशोधन करते हे संगमनेरच्या निम्म्या गावाला सांगून झालं होतं. तिच्याकडून मी रोज एकेक वजन शिकत होतो. सगळ्यांत लहान दिरहम, आपल्या पाव तोळ्याहून थोडा जास्त. चारशे दिरहमांचा एक ओक्का, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. चव्वेचाळीस ओक्क्यांचा एक कंतार. भाजीपाला, मीठ, लोकर सगळं ओक्क्याने तोलायचे, पण बुर्सा शहरात कच्चं रेशीम तोलायला वेगळं वजन होतं. त्याचं नाव तेफे, आणि त्यात दिरहम सहाशेदहा. सहाशे नाही, सहाशेदहा. वरचे दहा कशासाठी, हे तिलाही नक्की सांगता येत नव्हतं. आपल्याकडे कच्चा शेर आणि पक्का शेर होता, गावागणिक मण बदलायचा, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

असं एक खरंखुरं तेफेचं वजन तेव्हा आमच्या घरात, तिच्या टेबलावर होतं. न्युरेम्बर्गच्या नर्मीनबाई नावाच्या वयस्क तुर्की बाईंनी ते तिला दिलं होतं. बाईंच्या वडिलांची बुर्सात रेशमाची पेढी होती आणि त्यांचा वजनांचा अख्खा संच, तराजूसकट, बाईंकडे होता. असा पूर्ण संच केतकीने दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता. तो प्रयोगशाळेत तोलून मिळाला तरच तिच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण उभं राहणार होतं. बाईंनी अट घातली होती: आधी हे एकच ने, आहे तसं परत आण, मग बाकीची बघू. प्रयोगशाळेचा टेर्मिन, म्हणजे नेमून दिलेली वेळ, पुढच्या आठवड्यातला होता. त्याआधी शनिवारी न्युरेम्बर्गला जायचं, तेफे दाखवायचं आणि सगळी पेटी घेऊन यायचं, असं ठरलं होतं.

मला हे सगळं ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकतो. माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

पण दसरा होता. दसऱ्याला वजनं घासून, त्यांना हळदकुंकू वाहून पुजायची हे माझ्या हाडात मुरलेलं. शिवाय खात्याची शिस्तच होती की मळकं वजन पडताळणीला घ्यायचं नाही, दुकानदाराला परत पाठवायचं, आधी घासून आण. हे तर काळंकुट्ट होतं. मला मनापासून वाटलं की पोरीचं एक काम हलकं करावं. हिच्याकडून चिंच घेतली, मीठ घेतलं आणि सिंकपाशी उभा राहिलो. पितळ असं उजळलं की मीच खूश झालो.

मग वजन उलटं केलं. बुडाला एक भोक होतं आणि ते काळ्या मेणाने बुजवलेलं होतं. आपल्याकडे लोखंडी वजनाच्या बुडालाही भोक असतं, त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि त्या शिशावर आम्ही शिक्का मारतो, शेजारी तिमाहीचं अक्षर. इथे शिक्का नव्हता, अक्षर नव्हतं, नुसतं मेण. बिनशिक्क्याचं मेण दिसलं की आत चोरी, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. विचार न करता सुरीचं टोक घातलं. मेण निघालं आणि मागोमाग शिशाचे छर्रे सिंकमध्ये टणटणत पडले.

ही आतून म्हणाली, “अहो, काय पडलं?”

मी म्हणालो, “चोरी पकडली.”

केतकी संध्याकाळी रेवाला घेऊन आली. रेवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. टेबलावरचं चकचकीत वजन बघून ती आनंदाने ओरडली, “मामा, आजोबा हाट एस गेपुट्स्ट!” म्हणजे, आई, आजोबांनी ते घासलं. केतकीने बॅगसुद्धा खांद्यावरून उतरवली नाही. वजनाकडे बघितलं, भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा, यातून जे निघालं ते कुठे आहे?”

“सिंकमध्ये. आणि मेण चिंचेच्या चोथ्याबरोबर तुमच्या त्या ओल्या कचऱ्यात. अगं, पण ते भेसळीचं होतं.”

“हे तुम्हाला कसं कळलं? तोललं होतं तुम्ही?”

तोललं नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकाही दुकानदाराला न तोलता दोषी ठरवलं नव्हतं, आणि इथे नुसत्या मेणावरून निकाल दिला. 

पुढचा तासभर मी आणि मंदार सिंकखालचा वाकडा पाईप खोलून खाली बादली धरून बसलो होतो. छर्रे जड, ते पाईपच्या वळणातच बसले होते. केतकीने बिओटोने म्हणतात त्या डब्यातल्या ओल्या कचऱ्यातून मेण वेचलं. बराचसा गोळा मिळाला, थोडा चुरा चिंचेत गेला तो गेला. आणि वजनावरचा तो काळा थर, जो तिला तोलताना तसाच हवा होता, तो तर पाण्याबरोबर ब्राउनश्वाइगच्या गटारात केव्हाच पोहोचला होता. हिने तेवढ्यात एकच वाक्य टाकलं, “जन्मभर लोकांच्या वजनातली खोट काढली, आता सुनेच्या घरी स्वतः पाडली.” 

दुसऱ्या दिवशी जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी. दुकानं बंद, रस्ते सुनसान, सगळे घरात. नर्मीनबाईंना मेल करायला केतकी तयार नव्हती, हे समोर जाऊनच सांगायला पाहिजे म्हणाली. एकटी जाते म्हणाली. मी म्हणालो, मी येणार. तिने “नको” म्हटलं नाही आणि “या”ही म्हटलं नाही.

गाडीत

ब्राउनश्वाइग सोडलं की दोन्ही बाजूंना बीटाची शेतं लागतात. हे साखरेचं बीट, आणि आम्ही गेलो तेव्हा काढणी ऐन भरात होती. शेताच्या कडेला बीटाचे ढीग घातलेले, कारखान्याच्या गाडीची वाट बघत. एरवी मी खिडकीला नाक लावून बसलो असतो, कारण हा आमच्या कोपरगावचा गळीत हंगामच की. ऊस तोडायला माणसांच्या टोळ्या लागतात, इथे एक यंत्र आणि त्यात बसलेला एक माणूस. केतकीला हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेफे मऊ कापडात, कापड डब्यात, डबा माझ्या मांडीवर. छर्रे आणि मेण वेगळ्या काचेच्या बरणीत, ती तिच्या पर्समध्ये.

ग्योटिंगेनला गाडी बदलायची होती. तिथे कळलं की पुढची गाडी उशिरा आहे, मग कळलं की फलाट बदलला, आणि शेवटी गाडी आली तेव्हा आमची जागा असलेला डबाच तिला जोडलेला नव्हता. जर्मन गाड्या वेळेवर असतात असं मी चारचौघांत पैजेवर सांगत असे, ते आता बंद केलं आहे. आम्ही दोन डब्यांच्या मध्ये, दाराजवळ उभे राहिलो. एका गृहस्थांनी खुणेने सुचवलं की डबा वर फळीवर ठेवा. मी मान हलवून नकार दिला.

बाहेर बोगद्यांमागून बोगदे होते. उजेड येई, एखादं उतरत्या छपरांचं गाव दिसे आणि परत अंधार. केतकी काचेकडे तोंड करून उभी होती. अशाच एका बोगद्यात ती म्हणाली, “बाबा, एक सांगू? तुम्ही फक्त एक फोन केला असता ना, तर मी मीटिंगमधून उठून उचलला असता.”

“विचारायची सवय नाही गं.”

“माहितेय. मंदारलाही नाहीये.”

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. थोड्या वेळाने मी विचारलं, बाई पेटी देणार नाहीत असं धरून चालायचं का? ती म्हणाली, दिली नाही तर ते प्रकरण गेलं, आणि त्या प्रकरणाशिवाय उरतं ते इतरांनी आधीच लिहिलेलं आहे. तीन वर्षं गेली, असं काही ती म्हणाली नाही. ते मला माहीत होतं.

न्युरेम्बर्ग

न्युरेम्बर्गचा किल्ला, भिंती, चौक हे सगळं पाहण्यासारखं आहे असं ऐकतो. मी स्टेशनाबाहेरच्या दुकानांत ऑक्टोबरातच मांडलेले नाताळचे लेबकूखेन केक पाहिले, मसाल्याचा वास घेतला आणि भुयारी गाडीत बसलो.

नर्मीनबाई शहराच्या दक्षिण भागात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. पांढरे केस, ताठ मान. दारात बूट काढायला लावून त्यांनी घरात घालायच्या सपाता पुढे केल्या, तेव्हा कित्येक दिवसांनी मला आपल्याकडच्या घरात आल्यासारखं वाटलं. छोट्या कमरेच्या काचेच्या पेल्यांत लालभडक चहा आला, पालक भरलेली बोरेक आली. घरची माणसं कशी आहेत, प्रवास कसा झाला, हे सगळं विचारून होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही ही रीतही आपलीच. 

शेवटी केतकीने डबा टेबलावर ठेवला. मी म्हणालो, “माझं सांगणं आहे ते जसंच्या तसं सांग. मऊ करू नकोस.” मी मराठीत बोलत गेलो, ती जर्मनमध्ये सांगत गेली. दसरा, चिंच, सुरी, सिंक. मग कापड उलगडलं.

बाईंनी उजळलेल्या पितळेकडे फार पाहिलं नाही. त्या बरणीकडे बघत होत्या. केतकीला त्यांनी काहीतरी विचारलं, केतकीने होकारार्थी मान हलवली, आणि बाईंच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

“विचारतायत, हे शिसं आतून निघालं का,” केतकी म्हणाली. “बाबा, काहीतरी वेगळंच आहे हे.”

ते असं होतं. बाईंचे वडील आणि काका दोघे मिळून पेढी चालवत. खेड्यातल्या बायका घरी रेशमाचे किडे पाळून, कोष उकळून, धागा काढून आणायच्या आणि पेढी तो तेफेने तोलून विकत घ्यायची. विकत घेणाऱ्याचं वजन जड असलं की प्रत्येक तोलात त्या बायकांचं थोडं रेशीम फुकट जातं. एक दिवस काकांनी भर बाजारात सांगितलं की माझ्या भावाने तेफेत शिसं भरलं आहे. वडिलांनी वाद घातला नाही. पेढी सोडली, संच उचलला आणि पुढे इथे न्युरेम्बर्गला कारखान्यात नोकरीला आले. बाई तेव्हा लहान होत्या. वडिलांना त्यांनी कधी विचारलं नाही आणि वडील गेल्यानंतर वजनं कधी तराजूवर ठेवली नाहीत.

“मी घाबरत होते,” त्या केतकीला म्हणाल्या. “म्हणून तुझ्याकडे दिलं. वाटलं, तू लांब कुठेतरी तोलशील आणि मला एक आकडा कळवशील. आत शिसं आहे हे मला बघायचं नव्हतं.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. तुम्ही सरकारी निरीक्षक होतात ना, म्हणाल्या, तर सांगा. काका खरं बोलत होते का?

घरी सिंकपाशी उभं राहून मी हेच ओरडून सांगितलं होतं. या वेळी तसं केलं नाही. मी म्हणालो, शिसं असणं हा गुन्हा नाही. ओतताना वजन हलकं उतरतं, वापरून झिजतं, ते शिशाने पुरं करतात, आमच्याकडेही करतात. किती भरलं आहे त्यावर सगळं ठरतं, आणि ते तोलल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. मीही न तोलता बोललो, ती माझी चूक.

केतकीने हे सांगितलं. बाई उठल्या, आतून लाकडी पेटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उघडली. ओक्का, दोनशे दिरहम, शंभर, पन्नास, दहा, आणि तळाशी घडी घातलेला तराजू. सगळं काळं, न घासलेलं.

“तोला,” त्या म्हणाल्या.

केतकी मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने, म्हणजे बाईंना शंका येऊ नये म्हणून, मला म्हणाली, “बाबा, नको. प्लीज. जड निघालं तर ही पेटी परत कधी उघडणार नाही.”

“आणि न तोलता निघालो तर?”

 न तोलता निघालो असतो तर बाई उरलेलं आयुष्य ती बरणी डोळ्यांसमोर घेऊन बसल्या असत्या, आणि ती बरणी मी त्यांच्या घरात आणली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडी टांगायचा आकडा होता. कुंडी उतरवून तिथे तराजू अडकवला. आधी रिकामा. दांडी किंचित एका बाजूला झुकत होती, म्हणजे पासंग होता. वरच्या पारड्यात कागदाचे कपटे टाकून तो काढला. खिडकी बंद केली, कारण वाऱ्याने पारडी हलत होती. 

एका पारड्यात ओक्का, दोनशे आणि दहा. चारशे, दोनशे, दहा: सहाशेदहा. दुसऱ्यात तेफे, पोकळ भोकासकट. तेफेचं पारडं वर गेलं आणि वरच राहिलं. बाईंनी केतकीचा दंड धरला. मी हाताने थांबा म्हणून खूण केली, कारण एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. शिशाशिवाय हलकं आहे, एवढंच. शिसं भरल्यावर खाली गेलं असतं तर काका खरे.

तेफे उलटं करून मी छर्रे एकेक करून भोकात बसवले. बरणी रिकामी झाली तेव्हा वर मेणापुरतीच जागा उरली होती. ते मी दोघींना दाखवलं: भोक भरलं, यात याहून जास्त शिसं कधी मावलंच नसतं. मग चहाच्या किटलीखालच्या मेणबत्तीवर चमचा धरून मेणाचा गोळा मऊ केला आणि बोटाने दाबून बसवला. बोट भाजलं. कडेला नखाएवढी खाच राहिली, तिथलं मेण चिंचेबरोबर गेलं होतं.

तेफे पुन्हा पारड्यात ठेवलं आणि हात काढला. पारडं खाली आलं. येत राहिलं. मी आयुष्यात असंख्य वेळा हे पाहिलं आहे, पण त्या दिवशी मला देवाचं नाव आठवलं. दांडी जवळजवळ आडवी झाली आणि थांबली. तेफेची बाजू अजून केसभर वर होती. पारडी बदलून पुन्हा तोललं, तेच. जड नव्हतं. कसंही तोललं तरी जड नव्हतं.

बाईंना दांडी वाचता येत होती, व्यापाऱ्याची मुलगी ती. केसभर वर असलेलं पारडं त्यांनाही दिसलं. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “थोडं कमी आहे?”

“हो,” मी म्हणालो. “पण ही तूट तुमच्या वडिलांची नाही. ही माझी आहे. जो थर मी धुतला आणि जे मेण मी सांडलं, तेवढीच ही असणार. वडिलांनी शिसं भरलं ते वजन खरं करायला. तुमचे काका खोटं बोलले, किंवा त्यांनीही माझ्यासारखं न तोलताच ठरवलं.”

केतकीला हे जर्मनमध्ये सांगताना दोनदा थांबावं लागलं. बाई खुर्चीवर बसल्या आणि ओढणीने तोंड झाकून रडल्या. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मलाही रडू येत होतं.

मग त्यांनी अट सांगितली. हे सगळं प्रबंधात लिहायचं. तेफे किती भरलं ते, आणि कमी का भरलं तेही. ज्याच्यामुळे कमी झालं त्याचं नाव घालायचं, म्हणजे उद्या कोणी आकडा बघून वडिलांवर परत बोट ठेवणार नाही. तळटीप तिथेच टेबलावर लिहिली गेली: दसऱ्याला चिंच-मिठाने घासलं, घासणारे उमेदवाराचे सासरे, निवृत्त वजनमापे निरीक्षक, आणि खाली माझं पूर्ण नाव. लिहिताना केतकी तीन दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसली. म्हणाली, “बाबा, गेनाऊ. अगदी अचूक. तुम्ही सायटेशनमध्ये आलात.” इतकी वर्षं माझं नाव दुसऱ्यांच्या तुटीखाली लिहिलं जायचं.

निघताना बाईंनी पेटी बंद केली, कडी लावली आणि केतकीला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. केतकीने त्यांना दोन शब्द सांगितले, त्यांनी ते दोनतीनदा घोकले. मग पेटी उचलली आणि केतकीकडे न देता माझ्याजवळ येऊन माझ्या हातात ठेवली.

“धुऊ नका,” त्या मराठीत म्हणाल्या.

ब्राउनश्वाइग येईपर्यंत मी ती पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.